सागऱ्याने स्कॉर्पिओचं इंजिन आणलंय

देवगड, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीत धरतात आणि माझं बीपी गोळीवर आहे, एवढंच. फोनवर बोलायला बसलो तर पुतण्या सागऱ्या पडवीतून सगळं ऐकणार, म्हणून लिहितोय. शिवाय ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो विचारेल, "मग काय झालं?" तू तसं विचारणार नाहीस.

सागऱ्याने इंजिन आणलंय. स्कॉर्पिओचं एमहॉक, 2179 सीसी, 120 हॉर्सपॉवर. अपघातातल्या कुठल्याशा गाडीचं, गिअरबॉक्ससकट. मांगरात पेट्यांच्या फळ्या बाजूला सारून ताडपत्रीखाली ठेवलंय. मी बॅटरी मारून बघितलं. वायरिंगचा गुच्छ मधोमध कापलेला, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज. टर्बोच्या तोंडाला मात्र पोराने स्वच्छ फडकं बांधलंय, धूळ जाऊ नये म्हणून. ते फडकं बघितल्यावर ओरडायचं होतं ते राहूनच गेलं.

ते आपल्या पिकअपमध्ये बसवायचं म्हणतो. दादांच्या पिकअपमध्ये.

त्याचं म्हणणं खोटं नाही रे. गेल्या हंगामात फोंडा घाटात गाडीने रडवलं. पेट्या भरून रात्री निघायचं, पहाटे कोल्हापूरच्या सौद्याला माल लागला पाहिजे, आणि वरच्या वळणांवर दुसऱ्यातून पहिला टाकला तरी गाडी ओढत नाही. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला की दाजीपूरच्या अलीकडे बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसायचं. मागून सगळ्यांच्या गाड्या पुढे जातात. इकडे हापूस गवतात गरम होतोय आणि तिकडे सौदा सुरू झालेला. चाकणची नोकरी सोडून बागेत आलेल्या पोराला हे बघवत नाही, आणि त्याचं मला बरंच वाटतं.

पण 120 म्हणजे जवळजवळ दुप्पट. ह्या गाडीचं अडीच लिटरचं डीआय इंजिन नवं होतं तेव्हा टर्बोसकट 63 हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स, मागच्या चाकांना फिरवणारे क्राऊन-पिनियनचे गिअर, रेडिएटर, ब्रेक सगळं त्या हिशेबाने घडवलेलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर कैक पटीने वाढून मागच्या क्राऊनवर जातो, हे तूच मला शिकवलंस. गिअरबॉक्स स्कॉर्पिओचा घेतला तर त्याच्यापासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलणार, चॅसीवर इंजिन टेकायला नवं फाउंडेशन वेल्ड करावं लागणार. एमहॉक कॉमनरेल, त्याचं डिझेल कॉम्प्युटर सोडतो; म्हणजे तो कॉम्प्युटर हवा, त्याचे सगळे सेन्सर हवेत. आणि चढायचं जमलं तरी उतरायचं काय? येताना खताची पोती भरलेली असतात. ब्रेक तेच जुने.

कायद्याचं वेगळंच. ओरोसला आरटीओत जाऊन विचारून आलो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीवर कंपनीने दिलेलं जे आहे त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचंच तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, तेही आधी परवानगी काढून. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय. आपल्या गाडीला आता दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी. इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडकेल, आणि घाटात काही झालं तर विमावाला आधी तेच बघेल. सागऱ्या म्हणतो, "काका, इतक्या लोकांनी केलंय." केलंय खरं. त्यांच्या गाडीत माझा पुतण्या बसत नाही.

दुसरा उपाय आपल्या मेस्त्रींनी सुचवला, आहे त्याच इंजिनाचा डिझेल पंप वाढवायचा. तेवढा स्क्रू फिरवला की झालं म्हणे. मी नाही म्हटलं. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर मागे काळा धूर आणि आत पिस्टनच्या माथ्यावर आग. तुझी राजदूत आठवते ना? सायलेन्सर कापल्यावर ती जोरात पळते असं तू शपथेवर सांगायचास. ती जोरात फक्त ओरडायची. आडबंदरच्या चढावर ढकलत कोण होतं, ते लिहीत नाही.

मला वाटतं ते असं. वाढवायच्या आधी गमावलेलं परत मिळवू. परवा इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडली. भसाभसा धूर, टोपी वर ठेवली तर थडथडा उडते. बॅक कॉम्प्रेशन सरळ दिसतंय, पिस्टनच्या बाजूने दाब खाली गळतोय. टर्बोची दांडी बोटाने आडवी हलते. रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळाने बुजल्यात. आज ह्या 63 मधले किती उरले असतील? मेस्त्री स्वतःच म्हणाले, "तुका इंजान मोठा होया, पण गाडी ती सोसतली काय?" लायनर-पिस्टन, ब्लॉक आणि हेडचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात, पंप आणि नोझल बेंचवर लावून, टर्बोचं कार्ट्रिज नवं, रेडिएटरचा कोर नवा, क्लच प्लेट आणि ब्रेक त्याच्यासोबत. एवढं केलं तर भरल्या पेट्यांनिशी ती घाट चढेल. आधी चढतच होती की, दादा चालवायचे तेव्हा.

पण हे मी सांगितलं की त्याला वाटतं काका पैशाला घाबरतो. उलट खर्च मी सगळा करतो म्हटलंय. मला भीती दुसरीच आहे. आता नाही म्हटलं आणि हे पोर परत चाकणला गेलं तर बाग कोण बघणार? तो तुझं ऐकतो. तू इतकी वर्षं टेस्ट बेडवर इंजिनं चालवलीस, तुझ्या शब्दाला त्याच्याकडे वजन आहे. ते एमहॉक ज्याला कायदेशीर बसेल अशा स्कॉर्पिओवाल्याला विकायचं आणि आपलं इंजिन त्याच्याच हाताने उघडायचं, हे तू सुचव. माझं नाव काढू नकोस.

चिंगीचं बारावीचं वर्ष ना? रावेतच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना सांग, कोकम पाठवतोय.

मोहोर फुटायला लागलाय, मार्चमध्ये पेट्या निघतील. म्हणजे काम डिसेंबरातच व्हायला हवं. नाताळच्या सुट्टीत ये. कॉम्प्रेशन गेज आण आणि टॉर्क रेंचही आण. हेडचे बोल्ट ह्या वेळी हाताच्या अंदाजाने आवळू देणार नाही, मग तू मागच्यासारखा जेवण टाकून उठून गेलास तरी चालेल.

तुझा,
भाई