सायडर चुरीची होते, गळीची नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याची, तोड जवळ आली की एक सूचना दरवर्षी हमखास वाचायला मिळते : बागेत गळून पडलेली संत्री वाया का घालवता, त्यांची सायडर करा, वाईन करा. सूचना करणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण गळीच्या फळाची पिण्याजोगी सायडर होत नाही. ज्या फळाची होते ती चुरी, म्हणजे पिकलेली पण लहान राहिलेली संत्री, मात्र मातीमोल जाते. हा फरक लक्षात न घेता उद्या कोणी कर्ज काढून युनिट टाकलं तर पहिल्याच हंगामात हात पोळतील, म्हणून हे पत्र.

सायडर हा शब्द मुळात सफरचंदाचा. इंग्लंडात सॉमरसेट, हेरफर्डशायर आणि फ्रान्समध्ये नॉर्मंडी या भागांत शरद ऋतूत सफरचंदं उतरतात, तेव्हा त्यांचा रस काढून आंबवतात. त्यासाठी लावलेल्या वाणांपैकी कित्येक नुसती खाववत नाहीत, इतकी तुरट आणि कडू असतात. संत्र्याच्या रसाचंही तसंच हलकं पेय करता येतं, त्यात मद्यार्क ५ ते ६ टक्के. देशीच्या दुकानात ‘संत्रा’ म्हणून जी बाटली मिळते तिच्याशी याचा काही संबंध नाही. ती स्पिरिटची असते, ४२.८ टक्क्यांची, संत्र्याचा फक्त वास. सायडरमध्ये भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. रस आंबतो, निवळतो आणि बाटलीत जातो.

आता गळीच्या फळाचं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जे फळ गळतं ते अर्धकच्चं असतं. साखर कमी, आम्ल जास्त. बरीचशी गळ रस शोषणाऱ्या पतंगामुळे होते. असं फळ हातात घेऊन पाहा : सालीवर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र, भोवती पिवळसर मऊ वलय, आणि दाबलं की छिद्रातून रसाची चिळकांडी उडते. त्या छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आधीच आत गेलेले असतात, रस झाडावरच बिघडायला लागलेला असतो. त्यात कितीही चांगलं यीस्ट घातलं तरी शेवटी व्हिनेगरचा नाहीतर बुरशीचा वासच वर येतो. अशी फळं गोळा करून खड्ड्यात पुरणं हाच योग्य उपाय आहे.

चुरी म्हणजे झाडावर पूर्ण पिकलेलं, पण आकाराने लहान राहिलेलं फळ. व्यापारी ते बाजूला काढतो तो दिसण्यामुळे, चवीमुळे नाही. दिवाळी सरल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरात तोडलेल्या चुरीचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण, १० च्या आसपास मिळतो. घाई करून लवकर तोडलेल्या फळात तो मिळत नाही, आणि कडूपणाही जास्त असतो.

संत्र्याच्या रसाचं खरं दुखणं हा कडूपणाच आहे. रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि काही तासांनी जिभेवर कडू रेंगाळायला लागतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नसतं, पण रसातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य होतं. रस तापवला तर आणखी लवकर. म्हणून मिक्सर वापरायचा नाही, बिया भरडणारा स्क्रूचा ज्यूसर तर मुळीच नाही. साल हाताने सोलायची, पांढऱ्या शिरा काढायच्या, फोडी नायलॉनच्या कापडात बांधून हलक्या हाताने दाबायच्या आणि चोथा लगेच दूर करायचा. शेवटचे दोन लिटर पिळून काढण्याच्या हव्यासात आधीचे चाळीस लिटर कडू होतात. सालीचं तेलही रसात जाऊ द्यायचं नाही. ते यीस्टला मारक असतं, त्यामुळे आंबणं सुरूच होत नाही किंवा मध्येच अडतं.

परवान्याशिवाय मद्य तयार करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं माप घरच्या माठासाठी नाही, परवाना घेऊन काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

४० लिटर रसाला साधारण एक क्विंटल चुरी लागते. भांडं स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या प्लास्टिकचं, ६० लिटरचं, म्हणजे वर फेसाला जागा राहते. जस्ताच्या टीपात किंवा तांब्याच्या भांड्यात रस ठेवू नये, आम्लामुळे धातू त्यात उतरतो. रसात ३.५ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट विरघळवून २४ तास झाकून ठेवायचा, म्हणजे रानटी जंतू दबतात. ब्रिक्स १० असेल तर मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास होतो. ६ टक्के हवा असेल तर ५०० ग्रॅम साखर पुरते, जास्त घालून काही साधत नाही. दुसऱ्या दिवशी वाईनचं १० ग्रॅम यीस्ट १०० मिलि कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून घालायचं. बेकरीचं यीस्ट काम करतं, पण पावाचा वास सोडतं आणि तळाशी घट्ट बसत नाही. सोबत यीस्टचं खाद्य म्हणून ८ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट, तेही खाद्य दर्जाचंच. नाव तेच असलं तरी खताच्या पोत्यातलं डीएपी यात कदापि घालू नये, त्यात जड धातूंसारखी अशुद्धता असू शकते.

झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. दीड दिवसात बुडबुडे सुरू होतात आणि सात ते दहा दिवसांत मंदावतात. तापमान १८ ते २२ अंश हवं, आणि इथेच आपला हंगाम कामी येतो. कार्तिक-मार्गशीर्षात रात्री गार असतात, दुपारी मात्र पारा अजून चढतो, म्हणून टाकीला ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवायचं. तापमान ३० च्या वर गेलं तर संत्र्याचा सुवास बुडबुड्यांबरोबर उडून जातो. मोजायला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रसाची घनता दाखवणारं साधन, वापरावा : सुरुवातीला १.०४०, शेवटी १.००० च्या आसपास. बागेत फळाची गोडी पाहायला वापरतो ते रिफ्रॅक्टोमीटर आंबणं सुरू झाल्यावर चुकीचा आकडा दाखवतं, कारण मद्यार्कामुळे प्रकाश वेगळा वळतो.

कुजलेल्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नत्र कमी पडलं असं समजावं. रंग तपकिरी झाला किंवा आंबूस झाक आली तर हवा लागली, नाहीतर चिलटं आत गेली. म्हणून पहिलं आंबणं संपताच गाळ तळाशी सोडून वरचा भाग नळीने अरुंद तोंडाच्या भांड्यात काढावा आणि तो गळ्यापर्यंत भरावा. तीन-चार आठवड्यांत निवळतं. पेक्टिन या फळातल्या चिकट द्रव्यामुळे धूसरपणा राहतो, त्याने चव बिघडत नाही. तो नको असेल तर यीस्टच्या आधीच पेक्टिनेज एन्झाइम घालावं लागतं.

सगळी साखर संपली की सायडर चांगलीच आंबट लागते, कारण आम्ल तेवढंच राहतं आणि त्याला झाकणारी गोडी गेलेली असते. इथे नवशिके बाटलीत साखर घालून बूच लावतात, आणि बाटल्या फुटतात. लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली तर पेयाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. लिटरला २० ग्रॅम घातली तर त्याच्या पाचपट, आणि साधी बाटली ते सोसत नाही. बुडबुडे हवे असतील तर लिटरला ६ ग्रॅमवर थांबावं आणि बीअरची जाड बाटली वापरावी. गोडी हवी असेल तर बुडबुड्यांचा नाद सोडावा : २० ग्रॅम साखर घालून, बाटलीत वर थोडी जागा ठेवून ती ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावी, म्हणजे यीस्ट मरतं. आमच्या मते संत्र्याला ही दुसरी रीतच जास्त मानवते.

प्यायची ती गार, ८ ते १० अंशांवर, आणि सहा-आठ महिन्यांच्या आत, कारण जुनी होऊन ती सुधारत नाही. सावजी रश्श्याबरोबर घेऊ नये, मद्यार्काने तिखट आणखी जाळतं. भाजलेल्या शेंगा, वांग्याचं भरीत, पुढे हुरडा हे तिचे खरे सोबती. ६ टक्क्यांच्या ३३० मिलि बाटलीत २० मिलि शुद्ध मद्यार्क असतो आणि देशीच्या १८० मिलि क्वार्टरमध्ये ७७ मिलि. म्हणजे एक क्वार्टर जवळजवळ चार बाटल्यांच्या बरोबरीची. तरीही हे मद्यच आहे. वाहन चालवणाऱ्याने, गरोदर बाईने, यकृताचा आजार असलेल्याने आणि २१ वर्षांखालच्या कोणीही याला हात लावू नये. गावात आणखी एक दारूचं दुकान नको, हे आयाबायांचं म्हणणं रास्त आहे. आमची मागणी दुकानाची नाही, उत्पादनाच्या छोट्या परवान्याची आहे.

द्राक्षासाठी राज्याने २००१ साली वेगळं धोरण आणलं आणि नाशिकला वाईनरी उभ्या राहिल्या. इंग्लंडात वर्षाला ७,००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्या लहान बागायतदारांना कित्येक वर्षं अबकारी शुल्क माफ होतं. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि चुरीला गिऱ्हाईक नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना झेपेल असा परवाना, परवडेल असं शुल्क आणि प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची, एवढं धोरण संत्र्यासाठी करावं. पहिली युनिटं वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात व्हावीत. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती तशीच राहावी. आष्टी, कारंजाच्या बागायतदारांची चुरी शेजारच्या जिल्ह्यातल्या युनिटने विकत घ्यावी, मात्र तिकडून फळच आणावं, रस नाही, कारण रस वाटेतच कडू होतो.

आपले,
काही संत्रा उत्पादक
वरुड-मोर्शी परिसर, जि. अमरावती