मम्मी, चर्चमधून नाव काढलेलं नाही

वुपरटाल, जर्मनी

प्रिय मम्मी,

प्रभू येशूच्या नावात सलाम. दादा-वहिनीला, सोनूला पण सांग. मी मजेत आहे, थंडी कमी झालीय, जेवण वेळेवर होतं, ड्युटीचं तुला माहितीच आहे. फोनवर बोलायला गेलं की तू रडतेस मग मी रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतेय, सोनूकडून वाचून घे.

आधी ते टॅक्सचं. दादाने पगाराच्या स्लिपवर चर्चचा टॅक्स बघून तुला सांगितलं की तो वाचवायला ही आता धर्म सोडतेय. मम्मी तसं काही नाहीये. इथं राहायला आलं की ऑफिसात नाव नोंदवावं लागतं आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. माझा बाप्तिस्मा झालेला, मी सरळ प्रोटेस्टंट लिहून मोकळी झाले. तर तेवढ्यावरून दर महिन्याला पगारातूनच चर्चचा टॅक्स कापला जातो, गोळा करतं सरकार आणि पोचवतं चर्चला. पगाराच्या ९ टक्के नाही हं, दादाचा घोळ तिथंच झालाय, जो इन्कम टॅक्स बसतो त्याच्या ९ टक्के, दोन राज्यांत ८ आहे पण आमचं राज्य त्यात नाही. माझे ३०-३२ युरो जातात, आपले तीन हजार धर. रविवारचं अर्पण वेगळं. आणि नाव काढायचं असेल तर पाळकांकडे जायचंच नाही, आमच्याकडे कोर्टात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, ३० युरो फी भरायची, सही केली की झालं. २०२३ या एका वर्षात जर्मनीत चार लाखांवर कॅथलिकांनी असं नाव काढलं आणि आपले प्रोटेस्टंटही जवळपास तेवढेच. मला अजून हे पचत नाही. आपल्याकडे कोणी चार रविवार दिसलं नाही तर पाळकसाहेब घरी येतात, बायका प्रार्थनेला जमतात. आणि हे गाव कुठलं, तर इथल्याच बार्मेन भागात १९३४ साली, हिटलरच्या काळात, मंडळीच्या लोकांनी जमून जाहीर केलं होतं की आमचा धनी येशूच, दुसरा कोणी नाही. आज मी जाते त्या चर्चमध्ये वीस-पंचवीस म्हातारी माणसं असतात.

आता खरं सांगते, रागावू नकोस. मीसुद्धा मार्चमध्ये कोर्टाची अपॉइंटमेंट घेतली होती. पैशासाठी असं दादाला म्हणाले ते अर्धंच खरं. पप्पांच्या मातीला मला येता आलं नाही ना, तेव्हापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना देवाच्या इच्छेप्रमाणे होवो ती ओळ आली की माझं तोंडच उघडत नाही. पुढचं सगळं म्हणते, तेवढं गाळते. दोन वर्षं झाली, कोणाला बोलले नाही.

त्या अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात वॉर्डात एक आजी होत्या, चर्चमधून नाव तरुणपणीच काढलेलं. रात्री तीनच्या सुमाराला माझा हात धरला, दात वाटीत काढून ठेवलेले, आणि त्या बोळक्या तोंडाने तीच प्रार्थना सुरू केली. त्या जर्मनमध्ये, मी मराठीत. ती ओळ आली आणि मी गप्प. आजी पण थांबल्या. पुढे जाईनातच, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी म्हणाले गं मम्मी. मनापासून म्हणाले असं नाही सांगत, पण म्हणाले. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. मी कोर्टात गेले नाही. पप्पा पगाराच्या दिवशी किराण्याच्या आधी दशांशाचं, देवाच्या दहाव्या हिश्श्याचं पाकीट बाजूला काढायचे, तेच डोळ्यासमोर येत होतं.

विश्वास उडालाय असं नको समजूस. आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ, त्यांच्या यजमानांनी, रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि बाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली. मला पण थोडा वेळ दे. आणि सारखं "चर्चला गेलीस का" नको विचारूस, जाते मी, नाही गेले तर खोटं बोलावं लागतं आणि ते जास्त लागतं.

सोनूच्या लग्नाचे दीड लाख ५ तारखेला टाकते, हॉलवाल्याला त्यातूनच दे, कर्ज काढू नका. सुट्टी बारा दिवसच मिळतेय, हळदीला पोचेन बहुतेक, नाही पोचले तर सोनूला समजाव. पुण्याच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये, पण बायोडाटात तू 'प्रार्थनाशील मुलगी' लिहिलंयस ते खोड. मी महिन्यातून दोनदा चर्चला जाते, कधी सुट्टी असूनही जात नाही, हे त्यांना आधीच सांग, नंतर कळलेलं मला चालणार नाही. त्यातूनही हो म्हणाले तर मुलाचा नंबर पाठव.

पप्पांच्या कबरेवरच्या क्रूसाला रंग द्यायचा राहिलाय ना, त्याचे पैसे पण त्यातच टाकतेय. पांढराच द्या, आणि फोटो पाठव.

तुझीच,
बेबी