‘आमच्या काळी’वाल्या काकांना नळाच्या दिवसाचं आमंत्रण

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पानावर एका रिटायर्ड काकांचं पत्र आलं होतं. आजकालच्या आया लेकराच्या हातात मोबाईल देतात आणि मोकळ्या होतात, आमच्या काळी असं नव्हतं, वगैरे. मी ते पत्र रविवारी वाचलंच नाही, बुधवारी वाचलं, तेही शेंगदाणे निवडायला तो पेपर खाली अंथरला होता म्हणून. ‘मोकळ्या होतात’ वाचलं आणि शेंगदाणे बाजूला सारले, म्हटलं आता उत्तर लिहायचंच. पण लिहायला आज शनिवार उजाडला, म्हणजे मी किती मोकळी आहे ते काकांच्या लक्षात येईल.

आधी एक कबूल करते. काकांचं मोबाईलचं म्हणणं चुकीचं नाहीये. आमच्या लेकरांच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन दाखवूच नका, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको, आणि तेही मोठं माणूस शेजारी बसलेलं पाहिजे. मी पाळते. आमच्याकडे जेवताना मोबाईल नाही, रडला तरी नाही, पाहुण्यांसमोर लोळण घेतली तरी नाही. (लोळण सासूबाईंसमोर घेतली की मग दोघांची समजूत काढावी लागते ते वेगळं.) पण पाच दिवसांतनं एकदा मी स्वतः, आपणहून, पूर्ण शुद्धीत माझ्या अडीच वर्षाच्या मुलाच्या हातात मोबाईल देते. का देते ते सांगायला हे पत्र.

आमचं घर पूर्व भागात, कन्ना चौकाच्या पुढं एका बोळात. सोलापुरात नळ रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, पण तुमचा पेपर आता मोबाईलवर बाहेरगावचे लोक पण वाचतात म्हणून लिहिते. आमच्या बोळात पाचव्या दिवशी येतो, कधी सहाव्या. उजनी धरण भरलं की पेपरात दरवाज्यांचा फोटो येतो, आम्ही सगळे कौतुकानं बघतो, पण तिथनं इथपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर पाईपलाईन आहे, मग टाक्या, मग एकेक भाग, त्यामुळं धरण भरलं म्हणून माझी घागर भरली असं काही होत नाही. त्याबद्दल आज माझं भांडण नाही. मला बोलायचंय ते वेळेबद्दल. दिवस अंदाजानं कळतो, वेळ कळत नाही. कधी सकाळी सात म्हणजे नेमकं शाळेच्या डब्याच्या टायमाला, कधी दुपारी आम्ही कोणीच घरी नसताना, आणि बऱ्याच वेळा रात्री.

मागच्या मंगळवारी रात्री दीड वाजता शेजारच्या अक्कांनी खिडकीवर थाप मारली, “नीळ्ळु वच्चिनाय!” म्हणजे पाणी आलं. अक्का तेलुगू आहेत, पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या, आमच्या बोळात अर्ध्याहून जास्त घरं तेलुगूच. माझा मुलगा ‘पाणी’ म्हणायच्या आधी ‘नीळ्ळु’ म्हणायला शिकला, त्याच्या आजीला अजून ते पटलेलं नाही. तर मंगळवारी मिस्टर नाईट शिफ्टला, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. मुलगी साडेसहा वर्षाची, ती ढोल वाजवला तरी उठत नाही. मुलगा मात्र मोटार चालू केली की टाचणी लागल्यासारखा उठतो.

आता काकांनी जरा डोळ्यापुढं आणावं. आमचा हौद घराच्या पुढच्या अंगाला जमिनीत आहे, वर लोखंडी झाकण. नळ त्याच्या शेजारच्या खड्ड्यात, कारण वर घेतला तर प्रेशर पुरत नाही. आधी पाच-दहा मिनिटं नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ येतं, ते वापरायच्या बादल्यांत घ्यायचं, मग स्वच्छ यायला लागलं की घागरी आणि कळशीला फडकं बांधून प्यायचं भरायचं, मग पाईप हौदात सोडायचा, मग हौदातनं मोटार लावून वरच्या बॅरलमध्ये चढवायचं. हे सगळं होईपर्यंत सव्वा तास जातो आणि तेवढा वेळ हौदाचं झाकण उघडं असतं. ओल्या फरशीवर मोटारीची वायर पडलेली. आणि घरात एक अडीच वर्षाचा माणूस, ज्याला पाण्यात हात घालणं याच्याइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

लहान पोराला बुडायला हौद पण लागत नाही. अर्धी बादली पुरते. हे मला घाबरवायला कोणी सांगितलेलं नाही, तो एकदा टबमध्ये डोकं खाली पाय वर झालेला मी स्वतः काढलाय, दहा महिन्यांचा होता, मी टॉवेल आणायला वळले होते तेवढ्यात. त्यावर अजून काही लिहावंसं वाटत नाही.

म्हणून नळाच्या रात्री मी त्याला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवते, हातात मोबाईल देते, ट्रॅक्टरची गाणी लावून. तो तिथं बसलेला मला दिसतो. मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर पडतो ना, त्यामुळं बोळातली लाईट गेली तरी दिसतो. घागर भरताना माझा एक डोळा त्या उजेडावर असतो. उजेड हलला की मी पळते. काका, हा तुमचा ‘मोकळा’ वेळ. माझ्या साडीचा सगळा खालचा भाग भिजलेला असतो, कंबर गेलेली असते, आणि मनात हिशोब चालू असतो की पाण्याचा जोर गेला तर आधी काय भरायचं, प्यायचं की संडासचं.

रात्री तीनला झोपून सकाळी परत सहाला उठायचं. बरं, 2024 साली सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं, त्याचं कारण काय तर मुलांची झोप व्हावी. चांगलं केलं. मुलीची झोप होते. आईच्या झोपेचा जीआर कधी निघतो बघायचं! डबा, वेणी, स्कूटीवर पुढं मुलगा उभा, मागं मुलगी आणि तिचं दप्तर, मुलीला शाळेत सोडायचं, परत येऊन मुलाला अक्कांकडं द्यायचं आणि दहाला नवी पेठेत ऑफिस, अकाउंटचं काम. मालक चांगले आहेत, पण आम्ही सगळे मिळून सहाजण. कायद्यानं पन्नास माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर पाहिजे, 2017 मध्ये तशी दुरुस्ती झाली, तेव्हा बातमी वाचून मी फार खूश झाले होते, लग्न नुकतंच झालं होतं. पन्नास माणसांचं ऑफिस आमच्या ओळखीत कोणाचं आहे? अंगणवाडीची बालवाडी तीन वर्षांपासून. म्हणजे अजून सहा महिने अक्काच आमचं पाळणाघर.

आणि अक्का तरी काय रिकाम्या आहेत का. त्या विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं अशी चालतात की मी त्यांच्याशी बोलता बोलता दहा विड्या होऊन जातात, त्यांची मान पण खाली जात नाही. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. माझ्या पोरानं मध्ये घोळ घातला तर हजार पुरे होत नाहीत. तो जवळ आला की आधी सूप खाली ठेवतात, हात साबणानं धुतात, मगच त्याला घेतात. दिवसातनं किती वेळा? आणि ते पाणी पण पाचव्या दिवसाचंच. मी महिन्याला पैसे देते, पण त्या हात धुण्याचे पैसे कुठं लावायचे मला कळत नाही.

लहान मूल असलेल्या घरात पाणी कसं जातं हे पण कोणी धरत नाही. माणशी इतकं लिटर असा हिशोब करतात, त्यात चड्ड्या कुठं आहेत? आम्ही सध्या डायपर सोडवतोय. दिवसाला सात चड्ड्या, कधी नऊ, शिवाय गादीचं कव्हर. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये चड्ड्यांचा डोंगर असतो आणि बॅरलमध्ये वीतभर पाणी. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला, अंघोळ घमेल्यात बसवून घालायची आणि ते पाणी संडासला. एप्रिलमध्ये 43 डिग्री असताना पोरगं दिवसातनं तीनदा अंघोळीचा हट्ट करतं, त्याला काय सांगणार? वर ते आरोग्यवाले येऊन सांगतात की आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा, बॅरल घासून वाळवा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. त्यांचं पण खरंच आहे, अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात, घासल्याशिवाय जात नाहीत. पण ज्या दिवशी बॅरल रिकामं त्या दिवशी नळ यायलाच पाहिजे ना.

दिवाळीत आम्ही माझ्या भावाकडं पुण्याला गेलो होतो. मुलगी हात धुवायला बेसिनला गेली, तोटी सोडली आणि जोरात ओरडली, “मम्मी, नळ आलाय! लवकर ये!” आणि वहिनीच्या किचनमधलं पातेलं उचलून पळत निघाली. सगळे हसले, मी पण हसले. ती मात्र हसली नाही, तिला कळेना की सगळे भरायचं सोडून बसलेत काय.

आता काकांच्या ‘आमच्या काळी’बद्दल. माझी पणजी इथल्या मिलमध्ये कामाला जायची, भोंगा वाजला की. तेव्हा तान्ह्या लेकरांना अफूची गोळी चाटवून झोपवायचे आणि बायका कामावर जायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. हे माझ्या आजीनं मला सांगितलं, शरमेनं नाही, अगदी सरळ, भाकरी थापता थापता, की नाहीतर काय करणार होती माय? गिरण्या असलेल्या गावांत तेव्हा असं सर्रास चालायचं, मुंबईत तर त्याची डॉक्टरांनी पाहणी केली होती. नंतर कुणी लुगड्यानं लेकराला बाजेच्या पायाला बांधून ठेवायचं. काका, तुमच्या आईनं तुम्हाला बांधलं नसेल तर तुमच्या घरात आजी असेल, आत्या असेल, मोठी बहीण असेल जिची शाळा तुमच्यासाठी सुटली असेल. कोण ना कोण तरी होतंच. माझ्याकडं मोबाईल आहे, पाच दिवसांतनं सव्वा तास.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे तुम्हाला आहे साहेब, काकांना नाही. तुमच्या पेपरात रोज सोन्याचा भाव असतो, राशीभविष्य असतं. त्याच्या शेजारी एक छोटी चौकट द्या, उद्या कुठल्या भागात नळ कितीला. भागवार, वेळेसकट. पाण्याची चावी सोडणाऱ्या माणसांना आदल्या दिवशी माहीत असतंच, आमच्या बोळातल्या एका आजींना ते ओळखीनं सांगतात आणि मग त्या आजींना सगळा बोळ चहा पाजतो. वेळ एक-दोन तास मागंपुढं झाली तर चालेल, आम्ही समजून घेऊ. पण रात्री दीडला आहे हे संध्याकाळी कळलं तर मी मुलाला दुपारी झोपवणार नाही, आठलाच गाढ झोपवीन, मिस्टर कोणाशी तरी शिफ्ट बदलून घेतील, आणि मोबाईल माझ्या उशाशीच राहील. सकाळी सातला आहे हे कळलं तर डब्याची पोळी-भाजी रात्रीच करून ठेवीन. एवढ्याशा चौकटीनं आमच्या बोळातल्या चौदा घरांत त्या रात्री लेकरं झोपतील.

आणि काकांना खरंच बोलवा. आमचा अंदाज सोमवारचा आहे, म्हणजे सोमवार नाहीतर मंगळवार, वेळ माहीत नाही. त्यांनी पाणी भरायचं नाही, कळशी पण उचलायची नाही, फक्त तिसऱ्या पायरीवर माझ्या मुलाला घेऊन सव्वा तास गोष्टी सांगायच्या. ट्रॅक्टरच्या सांगा, बाकी त्याला चालत नाहीत. चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी माझ्याकडं.

नाव छापू नका ही विनंती. सासूबाई तुमचा पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातीपर्यंत वाचतात, आणि चड्ड्यांचं त्यांना आवडणार नाही.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर