सही बाबांची लागते

संपादक महोदय,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी बरीच वर्षे परिचारिका होते; आता पणजीत मुलाकडे असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दल शहरातली आई मोबाईल पुढे करते, ‘‘हिने पुढे मूल होत नाही म्हणतात, खरे का?’’ तिला उत्तर देता येते. गावातली आई ओटीच्या खांबाला टेकून एवढेच म्हणते, ‘‘सिस्टर, आमच्या चेडवाला (मुलीला) कसला रोग?’’

खरे तर अडखळतो आम्हीच. या कर्करोगामागचा एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे अकरा वर्षांच्या मुलीच्या आईपुढे बोलायला कित्येक सहकारी बिचकतात. नुसती ‘कॅन्सरची लस’ म्हणून मोकळे होतात आणि घरात घबराट! मी कावीळ ‘ब’चा दाखला द्यायची. तान्ह्या बाळाला टोचतो ती लस यकृताच्या कर्करोगापासूनही वाचवते. तिथे कुणी नाक मुरडत नाही.

लस ९ ते १४ वयात द्यायची ती संसर्गाच्या आधी संरक्षण मिळावे म्हणून. या वयात एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही आली. (लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, हे सांगायचे राहूनच जाते.)

माझी सूचना छोटी आहे. शाळेतून संमतीपत्रक घरी धाडण्याआधी पालकसभा घ्या, गावच्या सिस्टरला बोलवा आणि वडिलांनाही बसवा. आई तयार होते, पण कागदावर सही बहुधा त्यांचीच लागते.

– एक निवृत्त परिचारिका, पणजी