वसंतास पत्र

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय वसंता,

काल वहिनींचा फोन झाला. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) टाकून घरी आल्याला 12 दिवस झाले तरी तू कॉट सोडत नाहीस, बाथरूमलाही भिंतीला धरून जातोस म्हणाल्या. ऐकल्यापासून जिवाला चैन नाही.

अरे, हृदयरोगाच्या वॉर्डात माझी 20 वर्षं गेली. अ‍ॅटॅकमधून वाचलेला माणूस पुढे भीतीनंच खचतो, हे मी किती वेळा पाहिलंय! आमच्या अण्णांना "पडून राहा" एवढंच सांगून घरी पाठवलं होतं. सहा महिन्यांत पायांच्या काड्या झाल्या. मला तेव्हा काही कळत नव्हतं. ते अजून सलतं.

हृदयाची जखम भरायला 6 ते 8 आठवडे लागतात, पण तेवढे दिवस निजून काढायचे नसतात. तुझ्या डॉक्टरांना एकदा विचार आणि ओसरीवरच सुरुवात कर. सपाटीला, 5 मिनिटं, दिवसातून तीनदा. झेपेल तसं दोन-दोन मिनिटं वाढव. चालायच्या आधी बसून नाडी बघ: अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तीन बोटं, 15 सेकंद ठोके मोज, चारनं गुण. चालताना सध्या त्या आकड्यापेक्षा 20 पर्यंत वाढली तर चालेल. तुझ्या मेटोप्रोलॉलच्या गोळीमुळे नाडी तशीही दबून राहते, म्हणून आकड्यावर विसंबू नकोस. चालता चालता वहिनींशी सलग बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी कर, पण एकदम थांबू नकोस.

जेवल्यावर दीड-दोन तास चालणं नको. पाण्याची भरलेली बादली तर मुळीच उचलायची नाही. श्वास कोंडतो आणि बीपी उसळतं. छाती भरून आली तर मात्र तिथंच बस, सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेव. 5 मिनिटांत उतरलं नाही तर 108 ला फोन. रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचार.

आयसीयूत माझं बोट किती घट्ट धरलं होतंस, आठवतं? रडू येत असेल तर रड, वहिनींपासून लपवू नकोस. अ‍ॅटॅकनंतर बऱ्याच जणांचं मन असं बसतं. त्यावरही औषध आहे.

अजिंक्यताऱ्याची चढण डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. शनिवारी पहिल्या एसटीनं सांगलीला येतोय. आमराईत सावकाश एक फेरी मारू. बूट पुसून ठेव.

तुझाच,
सुरेश