टिकलीभोवतीचं कडं

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. 'नाव नको गं, माझं कामच ते,' असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मात्र चारचौघांत मानायचेत.

त्या दिवशी पेडण्याहून पहिली कदंब बस पकडून दादाची पेज घेऊन मी वॉर्डात आले, तेव्हा त्याची तपासणीची डबी मलाच खाली प्रयोगशाळेत न्यायला सांगितली. तुम्ही डबी उजेडात धरलीत. 'ही थुंकी आहे, बेडका नव्हे. यातून काही कळायचं नाही.' दुसरं कुणी असतं तर तशीच ठेवून घेतली असती. तुम्ही फॉर्मची घडी घातलीत, निदानाची ओळ आत गेली, आणि माझ्याबरोबर जिना चढून वर आलात. त्या घडीसाठी वेगळे आभार. आधी एका ठिकाणी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा दादाचा आजार पुकारला गेला होता. एचआयव्ही गुप्त ठेवायचा २०१७ चा कायदा आहे, हे आम्हाला नंतर समजलं.

वर तुम्ही दादाला साध्या पाण्यानं चूळ भरायला लावलीत, उठून बसवलंत, तीनदा खोल श्वास घ्यायला सांगितलंत. मी पाठ धरली होती. चौथ्या खोकल्याला जे आलं ते घट्ट, गंजाच्या रंगाचं. 'हा खरा,' म्हणालात, आणि पुढचं इंजेक्शन द्यायच्या आत डबी घेऊन गेलात.

तोवर सगळ्यांना टीबीच वाटत होता. सीबीनॅट मशीननं त्याच दिवशी तो नाही म्हणून सांगितलं. मग प्रयोगशाळेत बेडक्यातले जंतू वाढायची वाट. बुधवारचा बेडका, शनिवारी रिपोर्ट: क्लेबसिएला नावाचा जंतू. मला काही कळेना, तेव्हा तुम्ही जुन्या कागदामागे पेनानं एक मोठं वर्तुळ काढलंत, आत सात बारीक टिकल्या. प्रत्येक टिकली म्हणजे एक औषध. जिच्याभोवती रिकामं कडं, ते चालतं. जिला जंतू येऊन चिकटले, ते वाया. कडं फक्त दोघींभोवती होतं, मेरोपेनेम आणि अमिकासिन.

मी म्हटलं, दादाच्या अंगाला औषधांची सवय झाली असेल. 'अंगाला नव्हे गं, जंतूला. औषध फोडून टाकणारं रसायन तो स्वतःच बनवतो.' त्याआधीच्या दोन महिन्यांत दादानं अँटिबायोटिकचे तीन कोर्स घेतले होते. ताप उतरला की गोळ्या बंद. त्यातली एक पट्टी मीच फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणली होती. पट्टीवरची ती उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे ठाऊकच नव्हतं; मी रंगच समजत होते. हे तुम्हाला सांगताना मला रडू आलं. तुम्ही दोष दिला नाहीत, पाण्याचा ग्लास दिलात.

शिरेतून दर आठ तासांनी मेरोपेनेम सुरू झालं. चौथ्या दिवशी दादानं स्वतःहून पेज मागितली, वर खारातली कैरी.

कामाच्या धावपळीत त्याच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या चुकल्या होत्या, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेला होता. आता रात्री नऊला गजर होतो. गोळ्या एआरटी केंद्रातून फुकट मिळतात, घ्यायला तो स्वतः जातो.

तुमचा तो सात टिकल्यांचा कागद आईनं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय. चवथीला नेवऱ्या घेऊन येते. खिडकीतूनच देईन, कामात अडवणार नाही.

देव बरें करूं.

तुमची,
दादाची धाकटी बहीण