फियाटचा पोचा तसाच ठेवलात, काका

फोटोवाले काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. सोलापुरात ज्यांनी तुमच्याकडे फोटो दिलेत, ते ओळखतीलच.

तुम्ही दुरुस्त करून दिलेले जुने फोटो काल आईच्या हातात दिले. पहिलाच बघून म्हणाली, "तिकोनी काच उघडी आहे बघ. तुझे बाबा ती कधी लावायचेच नाहीत." मग चष्मा काढून ठेवला आणि पदराने डोळे पुसले. बाबांच्या माघारी तिला गाडीबद्दल इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

१९८२ ची पांढरी प्रीमियर पद्मिनी. घरात सगळ्यांसाठी ती फियाटच. नंबर लावून, वाट बघून मिळालेली. स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा, पुढे सलग सीट. तिथे बाबा, आई आणि आईच्या मांडीवर मी. मागे आजी आणि बसतील तेवढी भावंडं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळं त्याच गाडीने. मे महिन्यात खिडकीला ओला टॉवेल आणि जानेवारीच्या पहाटे चोक ओढून बाबांची खटपट. गड्ड्यातला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला फोटो तर घरातला सगळ्यात लाडका. अक्षता सोहळ्याला निघालेले बाबा, अंगात पांढरी बाराबंदी, एक हात बॉनेटवर.

गाडी कधीच भंगारात गेली, पुढे बाबाही गेले. उरला होता अल्बम, चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला. गेल्या पावसाळ्यात स्लॅब गळला आणि माळ्यावर तो भिजला. वाळला तेव्हा फोटो प्लास्टिकला घट्ट चिकटले होते.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे गेले, तिथलं सांगते. एका दुकानात माझ्यासमोर नखाने प्लास्टिक ओढलं, त्याबरोबर बाबांचा खांदा निघून आला. "जुने फोटो असेच असतात," एवढंच उत्तर. दुसरीकडे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत चकचकीत गाडी करून दिली. नंबर प्लेटवरचे आकडे वेगळे, तिकोनी काच गायब, आणि बाबांच्या जागी कुणीतरी गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. तक्रार केली तर म्हणाले, "आधीपेक्षा चांगला दिसतोय की." पैसे पूर्ण घेतले. तो माणूस माझे बाबा नाहीत, हे आपल्या दुकानात उभं राहून कुणाला समजावून सांगावं लागतंय, याची त्यांना लाजही वाटली नाही. राग अजून गेलेला नाही.

तुम्ही अल्बम हातात घेतलात आणि आधी विचारलंत, "निगेटिव्ह आहेत का घरी?" हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. आईच्या ट्रंकेत पाकिटं निघाली. ज्यांच्या निगेटिव्ह नव्हत्या, ते फोटो तुम्ही पाण्यात सोडवलेत. लाल पडलेले रंग जागेवर आणलेत. ते तुमचं कसब, त्यातलं मला फार कळत नाही.

पण तो फोन. दुपारी तुम्ही विचारलंत, "ताई, डाव्या मडगार्डवर एक खूण दिसतेय. फोटोचा डाग आहे की गाडीचाच पोचा? गाडीचा असेल तर मी हात लावणार नाही."

काका, तो गाडीचाच पोचा. दादा होम मैदानावर गाडी शिकत होता, तेव्हा खांबाला घासली होती. बाबांनी डेंटिंग कधी करून घेतलं नाही. "पोरगा शिकला त्याची खूण आहे," म्हणायचे. पुण्याला दादाला फोटो पाठवला, तर त्याने आधी तो पोचाच मोठा करून बघितला. तुम्ही न विचारता पुसला असतात, तर फोटो स्वच्छ दिसला असता आणि आम्ही तुमचे आभारही मानले असते. पण दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे मनात धरून विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, सगळीकडे माणूस आधी ठरवतो आणि मग आपल्याला सांगतो. तुम्ही विचारलंत.

चुलत्यांकडेही एक अल्बम निघालाय, त्यात फियाटच्या पहिल्या पूजेचे फोटो आहेत. तो घेऊन सोमवारी येते. आईही येणार म्हणतेय, तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. जिना चढवत नाही तिला, तेवढं दोन मिनिटं खाली याल का?

तुमची,
फियाटवाल्यांची मुलगी